बर्फावरची तख्ती

फिगर स्केटिंग म्हटलं की उड्या आणि गिरक्या आठवतात. पण नावातली 'फिगर' म्हणजे बर्फावर पात्यानं काढायची आकृती, बहुधा इंग्रजी आठासारखी. एका पायावर, पात्याच्या एका कडेवर तोल धरून वर्तुळ पुरं करायचं आणि पुन्हा त्याच रेघेवरून जायचं. पंच वाकून रेघ तपासत. उर्दू शिकवणाऱ्या मला यात सरळ तख्ती दिसते. अलिफ, बे घोटून झाल्याशिवाय खुशखतीची बात नाही.

१९७२ च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबानं या आकृत्यांच्या जोरावर सुवर्ण जिंकलं. मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी होती. त्यात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन कांस्यावर राहिली. टीव्हीच्या प्रेक्षकाला हा निकाल कसा पटावा? पुढे आकृत्यांचे गुण घटत गेले आणि १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय एकेरी स्पर्धांतून गेल्याच.

स्पर्धेतून काढल्या, हे मला मान्य आहे. रियाजाला कलेपेक्षा जास्त गुण देणं हा उलटा न्यायच होता. पण सरावातूनही काढायच्या? कडेवर पकड नसेल तर संगीताबरोबर झुकणार तरी कसं? आमच्या शाळांत तेच चाललंय. गॅदरिंगचा नाच बघायला सगळा मोहल्ला येतो, मुलाची वही उघडायला मात्र कुणाला सवड नसते. आणि शुद्धलेखनाला गुण नाहीत म्हणून ते घेतच नाही, असं बिनदिक्कत सांगणारे शिक्षकही मला भेटतात.