कायदा बदलला, चेहऱ्यांचे काय?

सन 1898 चा 'लेपर्स ॲक्ट' 2016 मध्ये रद्द झाला. 2019 मध्ये पाच वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण उरले नाही; ख्रिस्ती समाजाला लागू असलेला 1869 चा घटस्फोट कायदाही त्या पाचांत होता. आता या रुग्णांवरील अन्याय संपला, असे समाधान मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगावेसे वाटते की, अन्याय कायद्याच्या पुस्तकात होता त्याहून अधिक तो आपल्या मुद्रेवर आहे, आणि तो कोणत्याही संसदेला रद्द करता येणार नाही.

सिंदी मेघे आणि वर्धा परिसराला तरी हे वेगळे सांगावे लागू नये. येथून जवळच दत्तपूरला 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवेला आरंभ केला. सेवाग्रामला महात्मा गांधींनी परचुरे शास्त्रींच्या व्रणांची स्वहस्ते शुश्रूषा केली. 1951 मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे कार्यही वर्ध्यातूनच चालले. असा वारसा मिरवणाऱ्यांनी रुग्ण समोर येताच नजर वळवावी, ही विसंगती नव्हे काय?

'नुसती नजर वळवली, त्यात इजा कसली?' असे कोणी विचारील. इजा आहे. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात काही मातांना तान्ह्या मुलांपुढे क्षणभर निर्विकार चेहऱ्याने बसावयास सांगितले. मुलांनी प्रथम आईला हसविण्याचा प्रयत्न केला; मग ती अस्वस्थ झाली व तोंड फिरवू लागली. प्रतिसाद न देणारा चेहरा मन कसे खचवितो, हे त्यातून दिसले. गॉर्डन बॉवर याने 1981 मध्ये दाखविले की, खिन्न मनाला खिन्न गोष्टी अधिक स्मरतात. म्हणजे आपली किळस रुग्णाला केवळ त्या घटकेपुरती दुखवीत नाही. ती त्याच्या साऱ्या जुन्या अपमानांची दारे उघडते. आपण विसरून पुढे जातो; तो आठवत मागे राहतो.

दुसरा अन्याय याहून सूक्ष्म आहे. हा रोग चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा करू शकतो. तेव्हा पापण्या पुरत्या मिटत नाहीत, हसूही उमटेनासे होते. अंतरी आनंद असला, तरी तो चेहऱ्यावर येत नाही. आपण मात्र त्या मुद्रेवरून त्याला रागीट वा निर्विकार ठरवितो आणि तसाच स्मरणात ठेवतो.

संसर्गाची भीती नैसर्गिक आहे, हा बचावही आता टिकत नाही. बहुतेक माणसांत या जंतूला तोंड देण्याची उपजत शक्ती असते, आणि 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली बहुविध औषधपद्धती सुरू होताच रुग्ण लवकरच संसर्गजन्य राहत नाही. तरीही तोंड फिरते, ते कशाच्या भयाने?

कृत्रिम हास्याची येथे मागणी नाही. दयेने ओथंबलेली मुद्राही अपमानच करते. मागणी एवढीच, की दवाखान्यात, शाळेत, लग्नमंडपात आपण त्याच्या डोळ्यांना डोळा द्यावा, नावाने हाक मारावी आणि उत्तरादाखल हसू न दिसले तरी ते तेथे आहे, हे जाणावे. औषध सरकार देईल. चेहरा मात्र आपणच द्यावयाचा आहे.