उघडी टाकी आणि कायद्यातला ‘उपद्रव’

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधली ‘उपद्रवा’ची व्याख्या ऐसपैस आहे. एखादी कृती, हयगय, जागा किंवा वस्तू यांमुळे इजा, धोका किंवा त्रास होत असेल वा होण्याचा संभव असेल, डोळ्यांना, नाकाला, कानांना ती असह्य होत असेल, किंवा जिवाला, आरोग्याला, मालमत्तेला धोका असेल, तर तो उपद्रव. यातले ‘हयगय’ आणि ‘संभव’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे. घाण स्वतः केली नसली तरी ती तशीच राहू देणे पुरेसे ठरते. आणि कुणी आजारी पडेपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

गच्चीवरची टाकी घ्या. झाकणाला तडा गेलेला, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. पाणी स्वच्छ दिसते, आणि एडिस डासाला तेच हवे असते. आत टॉर्च मारला की पाण्याच्या वरच्या थराला डोके खाली करून लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे जातात. अंड्याचा डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. टाकी सोसायटीची, पण डेंगीचा ताप समोरच्या चाळीत. म्हणूनच महापालिका खासगी आवारातही नोटीस बजावते, आणि ते योग्यच आहे.

एका घराच्या गळतीने शेजाऱ्याची भिंत ओली होत असेल, तर तो दोघांतला दिवाणी वाद. सार्वजनिक उपद्रवाला आसपास राहणाऱ्या सर्वसाधारण लोकांचा त्रास लागतो. भारतीय दंड संहितेचे कलम २६८ हेच सांगत होते. आता भारतीय न्याय संहितेचे कलम २७० सांगते. कुणाची त्यात सोय होते, ही सबब चालत नाही. ज्या उपद्रवाला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्याला दंड फार तर १,००० रुपये. ही रक्कम तुटपुंजी आहे. खरा जोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ मध्ये: दंडाधिकारी ठरावीक मुदतीत उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतो.

तो आदेश पालिकेलाही लागू होतो. मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये उघडी गटारे, मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी आणि शौचालयांअभावी रस्त्यावर बसणारी माणसे यांनी रहिवासी हैराण झाले होते. पालिकेने पैसा नसल्याचे कारण पुढे केले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळले आणि पुरेशी सार्वजनिक शौचालये बांधून तिथे पाण्याची व सकाळ-संध्याकाळ सफाईची सोय करण्याचा आदेश दिला.