पोलीस भरती : सोळाशे मीटरच्या नादात शंभर मीटरचे गुण हातचे जातात

पिंपळगाव बसवंत : राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. निफाड, चांदवड, दिंडोरीच्या गावांतली पोरं-पोरी भरतीसाठी पहाटे अंधारात पळतात. मेहनत कमी नाही. पण ती नेमकी कशावर खर्च होते, हे तपासायला हवं.

मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पन्नासपैकी २५ मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेचा दरवाजाच बंद. तरीही बरेच जण रोज फक्त लांबचं पळतात.

याला कारणही आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव लांब पल्ल्यानेच झालं. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणलं. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईच्या संजीवनी जाधवने २०१७ च्या आशियाई स्पर्धेत ५ हजार मीटरचं. त्यामुळे सरावाची पद्धतही तीच पडली.

आता हिशेब बघा. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण गुण ५ मिनिटं १० सेकंदांत मिळतात. त्या वेगाने शंभर मीटरला १९ सेकंद लागतात. शंभर मीटरचे पूर्ण गुण हवेत तर वेळ ११.५० सेकंद, म्हणजे ताशी ३१ किलोमीटरचा वेग. रोज १९ च्या चालीने पळून पाय साडेअकराचा वेग शिकणार कसे?

वेगाचा सराव वेगळाच. आठवड्यात दोन दिवस पुरे, मध्ये किमान एक दिवस मोकळा. ३० मीटरच्या सहा धावा पूर्ण ताकदीने, प्रत्येकीनंतर तीन मिनिटं आराम. दम पूर्ण भरल्याशिवाय पुढची धाव नको. थकलेल्या पायाने वेग वाढत नाही. महिनाभराने ६० मीटरच्या धावा घ्या, आराम पाच-सहा मिनिटं. जोडीला बैठका आणि चढावर छोट्या धावा.

पळताना सुरुवातीला अंग पुढे झुकलेलं ठेवा, पाय मागे जोरात रेटा, मग हळूहळू सरळ व्हा. पाऊल कमरेच्या खाली पडू द्या. लांब टांग टाकली की पाऊल पुढे पडतं आणि ब्रेक लागतो. हात कोपरात वाकवून पुढे-मागे हलवा, खांदे ढिले सोडा. रेषेच्या पाच मीटर पुढपर्यंत वेग सोडू नका.

निफाडच्या थंडीत अंग गरम न करता जोरात पळालं, तर मांडीमागची शीर धरते आणि दोन-चार आठवडे वाया जातात. आधी १५-२० मिनिटं हलकं पळणं आणि व्यायाम हवाच. डांबरी रस्त्यावर नडग्या दुखतात, शिवाय अंधारात वाहनांचा धोका.

यासाठी अकादमीची फी लागत नाही. ग्रामपंचायतीने गायरानात किंवा शाळेच्या मैदानावर टेपने १०० मीटर मोजून, पुढे थांबायला ३० मीटर सोडून, मातीची सपाट पट्टी करून द्यावी. एक ट्रॅक्टर, एक रोलर आणि दोन दिवसांचं काम. मेरिट एकेका गुणावर फिरतं, तिथे एवढी पट्टी एखाद्या घरात नोकरी आणू शकते. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोणी तरी मांडायलाच हवा.