बार उडण्याआधीचे वर्ष

शनिवारी दुपारी मैदानावरचे बार थांबतात. काडतुसे काढलेल्या रायफली बोल्ट उघडे ठेवून जागच्या जागी आडव्या पडलेल्या असतात, आणि त्यांना हात लावायची कोणालाच परवानगी नसते. आईबाप आणि मुले डबे उघडून सावलीला बसतात. मग लाल टोपी घातलेला एक स्वयंसेवक उभा राहतो आणि १९ एप्रिल १७७५ या बुधवारची गोष्ट सांगू लागतो.

अमेरिकेत गेली जवळजवळ वीस वर्षे असे शनिवार-रविवार ठिकठिकाणी चालले आहेत. उपक्रमाचे नाव ‘प्रोजेक्ट ॲपलसीड’. दोन दिवस सबंध कुटुंबाने यायचे, रायफल चालवायला शिकायचे, आणि मधल्या सुट्ट्यांमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा पहिला दिवस ऐकायचा. शिकवणारे सगळे विनामोबदला येतात. आजच्या राजकारणावर मैदानात बोलायचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. बंदुकीवरून उभा दुभंगलेल्या देशात हा दंडक पाळणे सोपे नाही, म्हणून त्याचे मोल मला अधिक वाटते.

शिकवण्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. लक्ष्य २५ मीटरवर असते, पण त्यावरच्या आकृत्या अशा मापाने लहान केलेल्या असतात की त्या शंभर, दोनशे, तीनशे, चारशे यार्डांवरच्या माणसाएवढ्या दिसाव्यात. बहुतेकांच्या हातात पॉइंट टू-टूची हलकी रायफल असते. तिचा धक्का पोराच्या खांद्यालाही सोसतो. चाचणीत चाळीस गोळ्या: दहा उभ्याने, दहा बसून किंवा गुडघा टेकून, वीस पालथे पडून, आणि प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावलेले. २५० पैकी २१० गुण मिळाले की ‘रायफलमन’ अशी कापडी पट्टी मिळते. बहुतेकांना ती पहिल्या खेपेला मिळत नाही.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. पालथे पडून नेम धरल्यावर नेमबाजाने डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि पुन्हा डोळे उघडायचे. नेम लक्ष्यावरून सरकलेला दिसला तर तो हाताच्या जोराने ओढून परत आणायचा नाही. कोपर तसेच ठेवून सगळे अंग थोडे वळवायचे आणि पुन्हा डोळे मिटून पाहायचे. शरीर सैल पडले की रायफल आपोआप जिकडे पाहते, तोच खरा नेम. मग श्वास थांबतो त्या क्षणी बोट हळू मागे घ्यायचे आणि गोळी सुटल्यावरही चाप तसाच दाबून धरायचा. धसमुसळेपणाला इथे जागा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दोन दिवसांत स्वतःच्या श्वासाची एवढी ओळख करून देणारे खेळ थोडेच असतील.

सुरक्षेचे नियम चार. नळी नेहमी सुरक्षित दिशेला, हुकूम मिळाल्याशिवाय काडतूस भरायचे नाही, नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही. हे तीन कुठल्याही मैदानावर सापडतील. चौथा निराळा आहे: आपल्या आजूबाजूचे लोक हे नियम पाळत आहेत ना, हे पाहणे हीसुद्धा तुमचीच जबाबदारी. या चौथ्या नियमाकडे मी पुन्हा येणार आहे.

आता ती गोष्ट. शिबिरात ती तीन भागांत सांगतात. काडी तीनदा ओढली गेली, असे त्यांचे म्हणणे. पहाटे लेक्सिंग्टनचे मैदान. कॉन्कर्डला साठवलेला दारूगोळा जप्त करण्यासाठी इंग्रज जनरल गेजने बॉस्टनहून रातोरात सुमारे सातशे शिपाई पाठवले होते. त्यांच्यासमोर कॅप्टन जॉन पार्करची सत्त्याहत्तरच्या आसपास माणसे उभी होती. पार्कर क्षयाने खंगलेला होता, पुढे सप्टेंबरात तो गेलाच. पहिली गोळी कोणी झाडली हे आजतागायत ठरलेले नाही. आठ गावकरी मेले, दहा जखमी झाले. जखमींत प्रिन्स एस्टाब्रूक नावाचा काळा गुलाम होता. गावाच्या स्वातंत्र्यासाठी खांद्यावर गोळी झेलली तेव्हा तो स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा होता. ज्या शिबिरात हे नाव घेतले जात नाही, तिथली गोष्ट अर्धीच राहिली असे समजावे.

दुसरी काडी कॉन्कर्डच्या उत्तरेकडच्या पुलावर. तिथे ॲक्टन गावच्या तुकडीचा म्होरक्या आयझॅक डेव्हिस होता, वय तीस, धंद्याने बंदुका घडवणारा. घरामागेच त्याने नेमबाजीसाठी जागा केली होती आणि गावची माणसे तिथे सराव करत. त्या पहाटे घरात मुले आजारी होती. निघताना तो दारात वळला, काहीतरी मोठे बोलेल असे वाटले, आणि मुलांना सांभाळ एवढेच बोलून गेला. पत्नी हॅनाने म्हातारपणी ही आठवण सांगितली. पुलाजवळच्या पहिल्या फैरीतच तो पडला, आणि दुपारी त्याचा देह घरी आणला गेला.

तिसरी काडी इंग्रज पलटणीच्या परतीच्या वाटेवर. कॉन्कर्डहून बॉस्टनपर्यंतच्या मैलोगणती रस्त्यावर दगडी कुंपणे, झाडे, घरे यांच्या आडून दिवसभर गोळीबार होत राहिला. लॉर्ड पर्सी हजारभर ताजे शिपाई आणि दोन तोफा घेऊन लेक्सिंग्टनला भेटला नसता, तर ती पलटण शाबूत परतती ना. मेनॉटमी गावात सॅम्युअल व्हिटेमोर या जवळपास ऐंशीच्या म्हाताऱ्याला गोळी लागली, वर संगिनीचे वार झाले, आणि तरीही तो पुढे अठरा वर्षे जगला. संध्याकाळपर्यंत राजाच्या फौजेचे ७३ मेले, १७४ जखमी झाले, २६ बेपत्ता. गावकऱ्यांचे ४९ गेले.

गोष्ट जबरदस्त आहे आणि सांगणारे ती जीव ओतून सांगतात. माझा आक्षेप ती कुठून सुरू होते याबद्दल आहे.

आधी बंदुकीचेच पाहू. त्या बुधवारी मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांच्या हातात रायफल जवळजवळ नव्हतीच. होत्या त्या ठासणीच्या, चकमकीच्या बंदुका. आपल्याकडे कोकणात जुन्या घरांत असायच्या, त्याच कुळीतल्या. आतून गुळगुळीत नळी, ढिली बसणारी गोळी, पन्नास-साठ पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. नळीला आतून पीळ दिलेली खरी रायफल पेन्सिल्व्हेनिया-व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांकडे होती. काँग्रेसने रायफलधारी तुकड्या उभारायचा ठराव केला तो १४ जून १७७५ रोजी, आणि डॅनियल मॉर्गनची माणसे व्हर्जिनियाहून चालत आली ती त्याही नंतर. हिशेबही बोलका आहे. दिवस मावळेपर्यंत सुमारे चार हजार गावकरी या ना त्या टप्प्यावर लढाईत उतरले होते, आणि समोरचे मेलेले-जखमी मिळून अडीचशेच्या आत. म्हणजे त्या दिवशीची नेमबाजी यथातथाच होती.

मग जिंकले कशाने? चार हजार माणसे काही तासांत वीस-वीस मैलांवरून योग्य रस्त्यावर हजर झाली, याने. फौज निघाल्याचा निरोप घेऊन घोड्यावरून निघालेल्या पॉल रिव्हियरचे नाव लाँगफेलोच्या कवितेमुळे घराघरांत गेले, पण कॉन्कर्डला तो पोचलाच नव्हता. वाटेत पकडला गेला, निरोप पुढे नेला सॅम्युअल प्रेस्कॉटने. त्या रात्री असे कितीतरी स्वार धावत होते, घंटा वाजत होत्या, आणि प्रत्येक गावात कोणाला उठवायचे, दारू कुठे ठेवली आहे, तुकडीचा प्रमुख कोण, हे आधीच ठरलेले होते. ज्याने ते ठरवले ते गावसभेचे बाकडे होते. ते बाकडे गोष्टीत येत नाही.

अशी गोष्ट आखूड केली की तिचे पुढे काय होते, हे अमेरिकेच्याच इतिहासात दिसते. १७९२च्या कायद्याने प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुषाने स्वतःची बंदूक बाळगून गावच्या तुकडीत नाव नोंदवायचे ठरले. तिथे बंदूक आणि हजेरीपट एकत्र होते. यादवी युद्धात शिपायांचा नेम किती कच्चा आहे ते पाहून चर्च आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन काढली. लाँग आयलंडवर क्रीडमूरचे मैदान झाले. १८७४ मध्ये तिथे अमेरिकी संघाने आयर्लंडच्या नामांकित संघाला ९३४ विरुद्ध ९३१ असे हरवले. १९०३ मध्ये नागरिकांच्या नेमबाजीसाठी सरकारी मंडळ झाले, १९०७ पासून ओहायोच्या कॅम्प पेरीला राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. शंभर वर्षे असोसिएशनचे बंदुकीशी नाते मुख्यतः शिकवण्याचे होते. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात असोसिएशनची सूत्रे अशा गटाच्या हाती गेली, ज्याला मैदानापेक्षा कायदेमंडळ महत्त्वाचे वाटत होते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा तुकडीशी संबंध नसतानाही एकट्या नागरिकाचा हक्क आहे, असा निकाल दिला. हजेरीपट गेला, बंदूक राहिली.

आणि तिच्यासोबत जे आले तेही इथे सांगितलेच पाहिजे. २०२१ मध्ये त्या देशात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. २०२० पासून एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हे आहे. ज्या उपक्रमात कुटुंबे येतात, मुले नेम धरायला शिकतात, तिथे हे आकडे मैदानाबाहेर ठेवता येणार नाहीत. शेजारी नियम पाळतो आहे का, याची जबाबदारी माझ्यावर आहे, असे सांगणारा चौथा नियम रविवारी संध्याकाळी मैदानाच्या फाटकाशीच का संपावा? घरातल्या कपाटाचे कुलूप, खचलेला भाऊ, एकटा पडलेला मुलगा, हे सगळे ‘आजूबाजू’मध्येच येते.

मराठी वाचक हे सारे थोडे दुरून पाहतो, आणि त्या अंतरालाही इतिहास आहे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी झाली, युरोपियनांना मात्र सूट. ही बोच किती खोल होती हे यावरून कळावे, की १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात खुद्द गांधीजींनी, संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणे हे इंग्रजांच्या कृत्यांतले सर्वांत काळे कृत्य ठरेल, असे म्हटले होते. आपली नेमबाजी त्यानंतर वाढली ती खेळ म्हणून. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलच्या ज्या प्रकारात कांस्यपदक घेऊन आला, त्यात गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तिन्ही तऱ्हांनी नेम साधावा लागतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०च्या जागतिक स्पर्धेत पालथे पडूनच सुवर्ण घेतले. हीच तीन आसने ॲपलसीडच्या गवतावर मुले शिकतात. कौशल्य तेच आहे. त्याभोवती कोणती गोष्ट विणायची, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून मला वाटते, लाल टोपीवाल्याने गोष्ट आठ महिने आधीपासून सुरू करावी. १७७४च्या उन्हाळ्यात इंग्रज पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली. गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावसभा भरवायची नाही आणि न्यायाधीश राजाचा माणूस नेमणार, असा कायदा आला. खेड्यांनी सभा भरवल्या त्या भरवल्याच. १ सप्टेंबरला गेजने चार्ल्सटाउनच्या कोठारातली दारू उचलून नेली, तेव्हा अफवेवर हजारो माणसे केंब्रिजकडे चालून आली. ऑक्टोबरमध्ये प्रांतिक काँग्रेसने तुकड्यांपैकी निदान एक चतुर्थांश माणसे हुकूम येताच निघतील अशी तयार ठेवा, असे गावांना कळवले, आणि त्याच महिन्यात कराचा पैसा राजाच्या खजिनदाराकडे न देता आपल्या हेन्री गार्डनरकडे जमा करा, असेही सांगितले. मुलांना हे कंटाळवाणे वाटेल, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. राजाचा वसुलीदार दारात उभा आहे आणि बापाने पैसे दुसरीकडेच भरले आहेत, यातली धडधड मुलांना चांगली कळते.

आणि वूस्टर. जॉनी ॲपलसीड, म्हणजे सफरचंदाच्या बिया पेरत मुलूखभर हिंडलेला जॉन चॅपमन, ज्याच्या टोपणनावावर हे शिबिर चालते, तो याच वूस्टर परगण्यातल्या लेमिन्स्टरचा. त्याचा जन्म २६ सप्टेंबर १७७४चा. त्याच्या वीस दिवस आधी, ६ सप्टेंबरला, नव्या कायद्याखालचे न्यायालय वूस्टरला बसणार होते. सदतीस गावांच्या तुकड्या भल्या पहाटे तिथे आल्या. कोणीतरी मोजदाद केली, ती ४,६२२ भरली. परगण्यातल्या कर्त्या पुरुषांपैकी जवळपास निम्मे. न्यायालयाच्या दाराला त्यांनी आतून अडसर घातला आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना रांगा धरल्या. न्यायाधीश आणि अधिकारी एका खानावळीत ताटकळत बसले होते. दुपारी ते बाहेर आले, टोप्या काढून हातात घेतल्या, आणि त्या दोन रांगांमधून चालू लागले. राजीनाम्याचा कागद वाचायचा, चार पावले पुढे जायचे, मागच्यांना ऐकू आले नाही म्हणून पुन्हा वाचायचा. असा तो तीसेक वेळा वाचला गेला, आणि दिवसभरात एकही बार उडाला नाही.