मृत्युपत्रात वाटलेली माणसे



अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्या देशाच्या संस्थापकांनी गुलाम बाळगले होते, असे कोणी म्हटले की त्यांचे उत्तर तयार असते. ‘काळच तसा होता हो! आणि ते मालक मनाने चांगले होते. वॉशिंग्टनने तर मरताना आपले गुलाम मुक्त केले!’ या मंडळींना आमचे एवढेच सांगणे आहे. मालक चांगला होता की वाईट, हे त्याच्या तसबिरीकडे पाहून ठरवू नका. तो मेल्यावर झालेल्या वाटणीचे कागद पाहा.

आपण नोकरीला लागतो तेव्हा नामनिर्देशनाचा फॉर्म भरतो. आपल्या पश्चात फंड आणि ग्रॅच्युइटी कोणाला मिळावी, ते त्यात लिहितो. व्हर्जिनियातल्या गुलामाला असा फॉर्म भरता येत नव्हता. कारण तो स्वतःच दुसऱ्याच्या यादीतली मालमत्ता होता.

हे आपोआप घडले नाही, कायदा करून घडवले गेले. इंग्रजी रिवाजात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १६६२ साली तो फिरवला आणि मूल आईच्या दर्जाने ओळखले जाईल असे ठरवले. म्हणजे गुलाम बाईच्या पोटी खुद्द मालकाचे मूल जन्मले, तरी ते मालकाचा वारस ठरणार नाही; त्याची मालमत्ता ठरेल. पुढे १७०५ च्या कायद्याने गुलामांना वारसाहक्कासाठी स्थावर मालमत्ता ठरवले. चालतीबोलती माणसे जमिनीच्या रकान्यात गेली. मालकाच्या घरी वारसा म्हणून इस्टेट उतरत होती आणि गुलामाच्या घरी वारसा म्हणून गुलामी.

आता जॉर्ज वॉशिंग्टनचेच कागद पाहू. १७४३ साली त्याचा बाप वारला, तेव्हा अकरा वर्षांच्या या मुलाच्या वाट्याला १० गुलाम आले. अकरा वर्षांच्या पोराने कोणता घाम गाळला होता? १७५९ साली त्याने मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केले. तिचा पहिला नवरा १७५७ साली मृत्युपत्र न करता मेला होता. कायद्याप्रमाणे त्याच्या इस्टेटीतल्या एकतृतीयांश भागाचा उपभोग तिला हयातीपुरता मिळाला. त्या भागात गुलामही आले. ती मेल्यावर ते कस्टिस घराण्याच्या वारसांकडे परत जायचे होते.

वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये वारला. त्या वर्षी माउंट व्हर्नन येथे ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे, १५३ कस्टिस इस्टेटीचे आणि बाकीचे बहुतेक भाड्याने आणलेले. मृत्युपत्रात त्याने आपले गुलाम मुक्त करायला सांगितले, पण बायकोच्या मृत्यूनंतर. एकट्या विल्यम ली याला त्याने ताबडतोब मुक्त केले आणि वर्षाला ३० डॉलर लावून दिले. मार्थाने मुदतीची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी नवऱ्याचे गुलाम सोडले. कौतुक करणारे इथेच थांबतात. आम्ही थांबणार नाही. चाळीस वर्षे दोन्ही इस्टेटींचे लोक एकत्र राबत होते. त्यांच्यात लग्ने झाली होती, मुलेबाळे झाली होती. नवरा वॉशिंग्टनचा आणि बायको कस्टिसची, असे संसार होते. नवरा सुटला, बायको आणि तिची पोरे अडकली. १८०२ साली मार्था वारली आणि कस्टिस इस्टेटीचे गुलाम तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. कोणाचा बाप एका मळ्यावर राहिला आणि लेक दुसऱ्या मळ्यावर गेली. याला वाटणी म्हणायचे की ताटातूट?

ओना जज ही याच कस्टिस इस्टेटीची. ती मार्थाची खास दासी होती. १७९६ साली तिला कळले की मार्थाच्या नातीला तिच्या लग्नानिमित्त आपण दिले जाणार आहोत. त्या वेळी वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होता आणि घर फिलाडेल्फियात होते. ओना तिथून पळाली ती न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला परत आणण्यासाठी वॉशिंग्टनने माणसे लावली, पण ती गेली नाही. १८४८ साली ती गरिबीत वारली. कायद्याने ती शेवटपर्यंत कस्टिसांची मालमत्ता होती आणि न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेली तिची मुलेसुद्धा! खाऊनपिऊन सुखी घर सोडून ती का पळाली, असे विचारणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुमच्या लेकीला कोणी आहेरात दिले असते तर?

दुसरे थोर पुरुष थॉमस जेफरसन. सर्व माणसे समान जन्मतात, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणारे. १७७३ साली त्यांचे सासरे जॉन वेल्स वारले. बायकोकडून जेफरसनकडे १३५ गुलाम आले आणि त्यांच्याबरोबर सासऱ्याचे मोठे कर्जही आले. या गुलामांत त्याच वर्षी जन्मलेली सॅली हेमिंग्ज होती. ती वेल्सचीच मुलगी, म्हणजे जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, असे इतिहासकार मानतात. एकाच बापाच्या दोन लेकी. एक वारस झाली आणि दुसरी वारशात मिळाली. पुढे सॅलीला जेफरसनपासून मुले झाली, हेही १९९८ ची डीएनए चाचणी आणि जुनी कागदपत्रे यांवरून बहुतेक इतिहासकारांनी मान्य केले आहे.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारला, तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होते. मृत्युपत्राने त्याने फक्त पाच जणांना मुक्त केले. त्यांत सॅलीचे दोन मुलगे होते. सॅलीचे नाव नव्हते. जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोच्या आवारात लिलाव पुकारला गेला. १३० माणसे, गुरेढोरे आणि घरातले सामान यांची बोली लागली. सुटका झालेल्या पाच जणांत जोसेफ फॉसेट हा लोहार होता. त्याची बायको एडिथ आणि मुले मात्र विक्रीला काढली गेली. पुढची कित्येक वर्षे तो आपली माणसे परत मिळवण्यासाठी झिजला. काही मिळाली, काही बऱ्याच उशिरापर्यंत मिळाली नाहीत. मालकाने उधारीवर थाट केला आणि त्याचे कर्ज फेडले ते या पोरांना विकून.

याच जेफरसनने व्हर्जिनियात इस्टेट पिढ्यान् पिढ्या एकसंध ठेवण्याची पद्धत १७७६ साली मोडून काढली. थोरल्यालाच सर्व देण्याचा कायदाही १७८५ साली गेला. सर्व वारसांना समान वाटा! सुधारणा चांगलीच होती, पण ती वारसांपुरती. जी माणसे वाटली जायची, त्यांच्या दृष्टीने जितके वाटेकरी जास्त, तितक्या ताटातुटी जास्त. वरच्या मजल्यावर समता आली आणि तळघरात घरे फुटली. फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आत्मकथेत आपल्या मालकाच्या मृत्यूनंतरच्या मोजदादीचे वर्णन केले आहे. घोडे आणि पुरुष, गुरे आणि बायका, डुकरे आणि मुले यांची किंमत एकाच रांगेत झाली. त्या रांगेत तो स्वतः लहान मूल म्हणून उभा होता.

‘मालक चांगला होता’ हा युक्तिवाद इथे मोडून पडतो. चांगला मालकही मरतो. त्याच्यावरही कर्ज असते आणि त्यालाही नातवंडे असतात. त्याची दया त्याच्याबरोबर मातीत जाते आणि मागे उरतो तो कायदा. ज्याला हक्क नाही, त्याचे सुख मालकाच्या तब्येतीवर अवलंबून असते.

गुलामी संपतानाही हिशेब मालकाच्याच बाजूने झाला. १८६२ साली राजधानी वॉशिंग्टनमध्ये गुलाम मुक्त केले, तेव्हा सरकारने भरपाई दिली ती मालकांना, दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. पिढ्यान् पिढ्या राबलेल्यांना मजुरीची थकबाकी म्हणून छदामही नाही. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने मुक्त कुटुंबांना ४० एकरपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती जमीन बहुतांशी जुन्या मालकांना परत केली. मालकाच्या नातवाला जमीन मिळाली आणि गुलामाच्या नातवाला रिकामे हात. मग म्हणायचे, एक जण कष्टाळू होता म्हणून श्रीमंत झाला!

टपाल खात्यातल्या बांधवांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८०२ साली अमेरिकेत कायदा झाला की टपाल फक्त स्वतंत्र गोऱ्या माणसानेच वाहायचे. काळ्या माणसाच्या हाती टपाल गेले तर तो बातम्या ऐकेल, हक्काची भाषा शिकेल आणि आपल्या बांधवांना सांगेल, ही खरी भीती होती. तो कायदा १८६५ पर्यंत टिकला. आणि रेल्वेतल्या बांधवांनी पुलमन कंपनीच्या शयनयानांतले काळे पोर्टर आठवावेत. त्यांच्या पहिल्या पिढीत अनेक जण पूर्वीचे गुलाम होते. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत, कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन याच्या नावाने, जसे गुलामाला मालकाच्या नावाने ओळखत तसे. या पोर्टरांनी १९२५ साली युनियन बांधली. ए. फिलिप रँडॉल्फ तिचे पुढारी. बारा वर्षे झुंजून १९३७ साली त्यांनी कंपनीला लेखी करारावर सही करायला लावली.

आमच्या महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केले. जोतीरावांनी मान दिला तो गुलामी मोडणाऱ्यांना. ती बाळगून मरताना थोडी दया दाखवणाऱ्यांना नव्हे. आम्हीही तोच फरक करतो. विल्यम लीचे ३० डॉलर मालकाच्या मर्जीने मिळाले. पोर्टरांचा करार त्यांनी स्वतः मिळवला, आणि तो कोणाच्या मृत्युपत्रावर अवलंबून नव्हता.