आकाश मोठं, पण नळी बारीक

नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र शासनानं स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम ही नावं त्यात आहेत. वाशिम म्हणजे आमच्या हिंगोलीचा शेजारी जिल्हा. तेव्हापासून एकच ऐकतोय, "आता थेट आकाशातून नेट! शाळेत दिवसभर व्हिडिओ लावा." या वाक्याशी माझं भांडण आहे.

उपग्रह म्हणजे द्रौपदीची थाळी नव्हे. त्याची वीज सौरपट्ट्यांवरची, म्हणजे मोजकीच. त्याच्या एका झोताखाली जेवढे लोक नेट वापरणार, तेवढे वाटेकरी. मग शक्ती वाढवा म्हणाल, तर क्लॉड शॅनननं १९४८मध्येच गणितानं दाखवून दिलंय की ठरावीक पट्ट्यात जास्त माहिती कोंबायची तर शक्ती त्याहून कितीतरी वेगानं वाढवावी लागते.

जुन्या अभियंत्यांना हे पक्कं ठाऊक होतं. फोनवर एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. म्हणजे प्रत्येक बाजू निम्म्याहून जास्त वेळ गप्पच. म्हणून उपग्रहावरच्या टेलिफोनमध्ये त्यांनी गप्प असताना प्रक्षेपणच बंद ठेवलं. वाचलेल्या शक्तीत आणखी लोकांची बोलणी बसली!

१९७५-७६चा 'साइट' प्रयोग आठवा. सहा राज्यांतल्या २४०० गावांत नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून दूरदर्शन पोचलं. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. उपग्रहावर ९ मीटरची मोठी छत्री, म्हणून गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ३ मीटरची तबकडी पुरली. आणि एका चित्राबरोबर दोन आवाज, म्हणजे चित्र एकदाच पाठवून दोन भाषांची सोय. चित्र जड, आवाज हलका, हा साधा हिशेब.

आज आपण काय करतो? फळ्याजवळ उभ्या गुरुजींचा तासभर व्हिडिओ! सेकंदाला १ मेगाबिट धरला तरी ४५० मेगाबाइट. तोच धडा २४ किलोबिटच्या आवाजात आणि बारा स्थिरचित्रांत दिला, तर साधारण १२ मेगाबाइट. रात्री एकदाच उतरवून शाळेच्या संगणकात ठेवला, की पुन्हा आकाशाकडे हात पसरायला नको.

कुणी म्हणेल, "खेड्यातल्या पोरांनीच का हलकं घ्यायचं? शहरातल्यांना सगळं, आणि यांना काटकसर?" प्रश्न रास्त आहे. हृदयाचे ठोके, रसायनाचा प्रयोग, कबड्डीची चढाई, जिथं हालचालच शिकायची तिथं व्हिडिओ हवाच. त्यासाठीच तर नळी मोकळी ठेवायची. पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसलेल्या वर्गाला समानता मिळाली, असं मी तरी म्हणणार नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच. शाळांसाठी धडे करणाऱ्यांनी प्रत्येक धड्यावर त्याचं वजन छापावं, आणि जड धड्याबरोबर हलका धडाही द्यावा. नुसती जोडणी देऊन फोटो काढून घेणं म्हणजे शिक्षण नव्हे.

आमच्या मराठवाड्यात टँकरच्या पाण्यानं कुणी अंगण शिंपत नाही. आकाशातून येणाऱ्या नेटचंही तसंच आहे. पटत नसेल तर जरूर भांडा, मी आहेच!