पाय आधी थकतात

१९ जुलै २०२५ रोजी लास वेगास येथे फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ वयाच्या ४६ व्या वर्षी, जवळजवळ चार वर्षांच्या निवृत्तीनंतर, मुष्टियुद्धाच्या रिंगणात पुन्हा उतरला आणि त्याने ३० वर्षांच्या विद्यमान विजेत्या मारिओ बॅरिओसला बरोबरीत रोखले. त्याच्या आठ महिने आधी ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलपुढे अगदीच निष्प्रभ ठरला होता. वस्तुतः तो सामना कमी, तमाशाच अधिक. उतारवयात परतणाऱ्या योद्ध्याला विजयाची आशा कितपत धरता येते, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उपस्थित झाला आहे.

आमच्या मते त्याचे उत्तर केवळ वयाच्या आकड्यात नाही. त्या योद्ध्याची विद्या शरीराच्या कोणत्या सामर्थ्यावर उभी होती, हे पाहावे लागते. पाय आणि नजर आधी थकतात. ठोशातील बळ मात्र पुष्कळ काळ टिकते. पॅकियाओच्या लढतीतील शेवटच्या तीन फेऱ्या तिन्ही पंचांनी बॅरिओसला दिल्या, आणि हाताशी आलेला विजय तेथेच निसटला.

जॉर्ज फोरमनचे सारे सामर्थ्य मुठीत होते. दहा वर्षांच्या खंडानंतर १९८७ मध्ये तो परतला, दुय्यम प्रतिस्पर्ध्यांशी लढत त्याने स्वतःला घडवले, आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, ४५ व्या वर्षी, २६ वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत लोळवले. तोपर्यंत तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मूररच पुढे होता! अशा माणसाला एकच ठोसा पुरतो.

मुहम्मद अलीचे तसे नव्हते. त्याची कला पायांत होती. व्हिएतनामच्या युद्धात जाण्यास त्याने १९६७ मध्ये नकार दिला, तेव्हा सत्याग्रहाची परंपरा जाणणाऱ्या आपल्याकडील वाचकाला तो आपलासा वाटला असल्यास नवल नाही. त्या नकारापायी ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गेली. पायांतील चपळाई पूर्वीसारखी परत आली नाही ती नाहीच. तोच अली २ ऑक्टोबर १९८० रोजी, ३८ व्या वर्षी, एके काळच्या आपल्याच सराव-सहकाऱ्यापुढे, लॅरी होम्सपुढे, उभा राहिला. केस काळे केलेले, वजन झपाट्याने उतरवलेले, पोटात थायरॉइडच्या गोळ्या. दूरदर्शनवर तो तरुण दिसला असेल, पण दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याचे गुरू अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली.

योद्ध्याला अभिमान असतो. त्याचा दोष आम्ही फारसा मानत नाही. परंतु मेयो क्लिनिकच्या तपासणीत, एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळाई दिसत नाही, बोट नाकाला लावताना किंचित चुकते, अशा नोंदी झाल्या असताना नेवाडाच्या नियामकांनी परवाना दिला. ठरलेले मानधन ८० लाख डॉलरचे होते, हे येथे ध्यानात घ्यावे. एवढे होऊनही डिसेंबर १९८१ मध्ये बहामात त्याची आणखी एक लढत लावण्यात आली. ती तो हरला. १९८४ मध्ये त्याच्या कंपवाताचे निदान जाहीर झाले.